सहा दिवसांची मजुरी

दर १ ऑगस्टला आमच्या भिवंडीच्या शाळेत एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडल्या जातात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठे यांची. १९२० सालच्या या एकाच दिवशी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचे निधन झाले आणि वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णाभाऊंचा जन्म झाला. दोन्ही तसबिरींना सारख्याच फुलांचे हार पडतात. मुले भाषणे पाठ करून येतात. शेंगांची टरफले, स्वराज्याचा जन्मसिद्ध हक्क, मंडालेचा तुरुंग हे सारे ठरलेल्या क्रमाने येते आणि टाळ्या होतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी हा सोहळा अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या असतात, हे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी या सोहळ्यानंतर मी वर्गात १९०८ सालच्या खटल्याची हकीकत सांगत होतो. टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला, असे मी अभिमानाने सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा बाप बारा तासांच्या पाळीत माग चालवतो आणि मीटरवर मजुरी घेतो. माग बंद तर मजुरी बंद, हा हिशेब त्या मुलाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. त्याने विचारले, "सर, त्या सहा दिवसांची मजुरी त्यांना कोणी दिली?"

वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. ज्या प्रश्नाकडे आमच्या चरित्रकारांचे सहसा लक्ष गेले नाही, तो एका मागवाल्याच्या पोराने एका वाक्यात टाकला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम घटना नीट पाहू. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फेकला गेला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर 'केसरी'ने लेख लिहिले. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन लेख सरकारने राजद्रोहाचे ठरवले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. १३ जुलैला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला सुरू झाला. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्यूरीत नऊ जण होते. त्यांपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. रातोरात खास गाडीने त्यांना साबरमतीला नेले आणि सप्टेंबरात समुद्रमार्गे ब्रह्मदेशात मंडालेला.

मंडाले आज परक्या देशात आहे. १९०८ साली ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि १९३७ पर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही हद्दपारी देशातल्या देशात होती. पण माणसाच्या दृष्टीने तो परदेशच होता. भाषा वेगळी, धर्म वेगळा, मध्ये समुद्र. साम्राज्याला माणसे अशी इकडून तिकडे टाकण्याची सवयच होती. १८८५ साली त्याने मंडालेच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. तेवीस वर्षांनी रत्नागिरीत जन्मलेल्या एका संपादकाला मंडालेला नेऊन टाकले. थिबा रत्नागिरीतच १९१६ साली वारला. टिळक १९१४ च्या जूनमध्ये परतले. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई मात्र त्याआधीच, १९१२ साली, पुण्यात वारल्या होत्या. माणूस म्हणून टिळकांनी जे सोसले ते थोडे नव्हते. ते मी कमी लेखत नाही, आणि कुणी लेखू नये.

आता रस्त्यावर काय झाले ते पाहू. खटला चालू असतानाच काही गिरण्या बंद पडू लागल्या होत्या. शिक्षेची बातमी फुटली आणि २३ जुलैपासून गिरणगाव बाहेर आले. कापडबाजार बंद झाला, दुकाने बंद झाली, दगडफेक झाली, लष्कर बोलावले गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. २८ जुलैपर्यंत सहा दिवस हे चालले. त्या वेळी जिनिव्हात परागंदा होऊन राहिलेल्या एका रशियन संपादकाने आपल्या पत्रात या संपाची दखल घेतली. हिंदुस्थानातला कामगार आता राजकीय लढ्याला जागा झाला, असा अर्थ त्याने लावला. तो संपादक म्हणजे लेनिन. जिनिव्हाला जे दिसले ते पुण्याच्या वाड्यांना किती दिसले, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

हा संप कोणी घडवला यावर विद्वानांत वाद आहे. कुणी म्हणतात, कापडव्यापाऱ्यांनी आणि मुकादमांनी कामगारांना बाहेर काढले. कुणी म्हणतात, तो उत्स्फूर्त होता. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हीकडे कामगाराच्या स्वतःच्या रागाला जागा नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी सूर्य मावळला की साचा थांबे. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्याच वर्षी कामाच्या तासांवरून गिरणगावात दंगे झाले होते. प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ साल उजाडावे लागले. अशा माणसाला सरकार आणि मालक वेगळे कसे दिसणार? गोरा शिपाई, गोरा न्यायाधीश आणि गिरणीचा भोंगा ही त्याच्या लेखी एकाच यंत्राची अंगे होती. त्या यंत्राविरुद्ध बोलणारा एक माणूस तुरुंगात गेला, एवढे त्याला पुरेसे होते. त्या माणसाने आपल्यासाठी काय लिहिले, हे विचारायला तो थांबला नाही. 'केसरी' वाचता येणारेही त्यांच्यात फार नसणार.

हे कामगार कोण होते? बहुसंख्य कोकणातले, विशेषतः रत्नागिरीचे. कुणबी, मराठे, महार, आणि उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर. याच विणकरांचे भाऊबंद आमच्या भिवंडीत येऊन स्थिरावले आणि त्यांच्या हातमागांतून पुढे इथले यंत्रमाग उभे राहिले. या सर्वांची गिरणी एक होती, तरी गिरणीतली खाती एक नव्हती. अस्पृश्याला विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावीना. म्हणून ज्या खात्यात मजुरी अधिक, ते खाते त्याला बंद. त्याने सूतकताईच्या खात्यात कमी मजुरीवर राबावे, असा हा न्याय. संपाच्या दिवसांत गिरणीचा दरवाजा सगळ्यांनाच सारखा बंद होता. दरवाजा उघडल्यावर मात्र प्रत्येकजण आपापल्या जातीच्या खात्यात परतला.

या संदर्भात आणखी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. टिळकांना अटक झाली २४ जूनला. त्यानंतर एका आठवड्याने, १ जुलै १९०८ रोजी, पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. अस्पृश्याने अस्पृश्यांसाठी चालवलेल्या पहिल्या पत्रांपैकी ते एक. बटलरची नोकरी करणाऱ्या या माणसाने १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली होती आणि लष्करात व पोलिसात आम्हांला घ्या, असा अर्ज सरकारकडे केला होता. एकाच शहरात, एकाच महिन्यात एक पत्र सरकारशी लढता लढता संपादक गमावत होते, आणि दुसरे पत्र ज्यांना बोलण्याचीच मुभा नव्हती त्यांना तोंड देत होते. आमच्या पाठ्यपुस्तकात पहिली गोष्ट आहे. दुसरी नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्या जुलैत मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजचा एक सतरा वर्षांचा विद्यार्थी परळच्या चाळीत राहत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या वस्तीत संप पेटला, तीच त्याची वस्ती होती.

कुणी म्हणेल, १९०८ चे गिरणी कामगार भोळे होते, भावनेच्या भरात बाहेर पडले. मला ते मान्य नाही. संपादक तुरुंगात गेला की त्याच्या बाजूने उभे राहावे, ही परंपरा बहुजन समाजात त्याआधीपासून होती, आणि ती विचारपूर्वक पाळली गेली होती. १८८२ सालचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांच्यावर आरोप आला, तेव्हा जामिनासाठी दहा हजार रुपये कोणी भरले? रामशेठ उरवणे यांनी, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले, तेव्हा त्यांच्या सत्कारात पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी. फुल्यांचे आणि 'केसरी'कारांचे कशात पटत होते? धर्मात नाही, शिक्षणात नाही, शेतकऱ्याच्या प्रश्नात नाही. तरीही छत्रपतींचा कैवार घेऊन लिहिणारा संपादक तुरुंगात जातो, तेव्हा त्याची बाजू घेणे हे फुल्यांना कर्तव्य वाटले. मतभेद आहेत म्हणून लेखणीला बेडी घालावी, असे त्यांनी म्हटले नाही. आजच्या कार्यकर्त्याने हा धडा लिहून ठेवण्यासारखा आहे.

आणि लोखंडे? तेही संपादकच होते, 'दीनबंधू'चे. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तेव्हा राष्ट्रीय म्हणवणाऱ्या बहुतेक पत्रांनी त्याला विरोध केला. देशी गिरण्या बुडतील, अशी त्यांना काळजी होती. लोखंड्यांना गिरणीत राबणाऱ्याची काळजी होती. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या आणि १८९० च्या १० जूनला गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज आपण सारे जी रविवारची सुट्टी उपभोगतो, तिच्यामागे या संपादकाचे श्रम आहेत. मुलाच्या प्रश्नाच्या भाषेत बोलायचे, तर या संपादकाने मजुरी चुकती केली.

मग मंडालेहून परतलेल्या संपादकाने काय केले?

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. तिथे त्यांनी पालीचाही अभ्यास केला. ज्या शहरात १८७१ साली बौद्ध भिक्खूंची पाचवी संगीती भरली, जिथे सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरलेले आहे, त्या शहराच्या किल्ल्यात हा प्रकांड पंडित सहा वर्षे बसला होता. त्याच्या स्वयंपाकासाठी सरकारने येरवड्याहून एक ब्राह्मण कैदी पाठवला होता. राजद्रोह्याची जात साम्राज्याने मोडली नाही, आणि राजद्रोह्यानेही मोडली नाही. शिळांवरच्या त्या वाणीत जातिभेदाला दिलेले उत्तर होते. ते या कैद्याला लागू पडले नाही. तुरुंगातून जे बाहेर आले ते कर्मयोगाचे भाष्य होते. स्वधर्माने प्राप्त झालेले कर्म फळाची आशा सोडून करावे, हे तत्त्व संपादकाला आणि वकिलाला प्रेरक वाटले असेल. ज्याचे कर्म जन्माने ठरवले आणि ज्याचे फळ कायम दुसऱ्याने नेले, त्याला ते कसे वाटावे?

पुढचा हिशेब सरळ आहे. १९१७ साली अथणीच्या भाषणात टिळकांनी प्रश्न केला की तेली, तांबोळी, कुणबी कायदे कौन्सिलात जाऊन काय करणार, तिथे त्यांना नांगर धरायचा आहे की घाणा चालवायचा आहे? लक्षात घ्या, विरोधकांनी टिळकांना 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवले होते आणि टिळकभक्तांनी ते बिरुद म्हणून मिरवले. ज्या तेल्यातांबोळ्यांनी आणि कुणब्यांनी रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या, त्यांना नऊ वर्षांनी हे उत्तर मिळाले. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. तिथे टिळक जोरदार बोलले. देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार त्या दिवशी गाजले. मात्र स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, या प्रतिज्ञेवर सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सही केली नाही. भाषण सभेसाठी होते. सही घरापर्यंत गेली असती.

आणि ३१ जानेवारी १९२० रोजी तोच परळचा विद्यार्थी, आता प्राध्यापक होऊन, 'मूकनायक' काढतो. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे खुद्द बाबासाहेबांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. टिळक तेव्हा हयात होते. ज्या पत्राच्या संपादकासाठी गिरणगावाने सहा दिवसांची भाकरी सोडली, त्या पत्राच्या कोपऱ्यात गिरणगावातून निघणाऱ्या पत्राला चार ओळींची जागा मिळाली नाही. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त असे लिहिले की, टिळक अस्पृश्यांत जन्मले असते तर स्वराज्याऐवजी अस्पृश्यतानिवारण हाच त्यांनी आपला जन्मसिद्ध हक्क मानला असता. त्यात तुच्छता नाही. एका मोठ्या लढवय्याला त्याच्या जन्माने केवढे आंधळे ठेवले, याचे ते निदान आहे.

तर मित्रांनो, आम्ही या इतिहासाचे काय करायचे? आमच्यातील काहींचे म्हणणे असे की, मंडालेशी आमचा संबंध नाही, ती त्यांची कथा आहे. मी या मताचा नाही. मंडालेचा तुरुंग टिळकांचा होता हे खरे. पण सहा दिवस आमचे होते. ते आम्ही सोडून का द्यावेत? उलट त्यांचा संबंध आमच्या पुढच्या लढ्यांशी जोडला पाहिजे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी विणाई खात्यातील बंदीचा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच गिरणगावात स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. संपाच्या हक्कावरच घाला घालणाऱ्या, काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या कायद्याविरुद्ध तो होता. १९०८ साली कामगार दुसऱ्याच्या हक्कासाठी थांबला. १९३८ साली तो स्वतःच्या हक्कासाठी थांबला. त्या तीस वर्षांत आमचा कामगार काय शिकला, हे आमच्या संशोधकांनी लिहायला हवे.

आणि लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, यात एक कसोटी आहे. ज्या राजद्रोहाच्या १२४ अ या कलमाखाली टिळक गेले, ते स्वतंत्र भारताने पुढे कित्येक दशके चालवले. २०२२ च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला. २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली. तिच्यातून राजद्रोह हा शब्द गेला, तरी देशाच्या सार्वभौमत्वाच्या नावाने १५२ वे कलम आलेच आहे. जगात आजही पत्रकार तुरुंगात जातात, स्वदेशात आणि परदेशात. त्यांच्यासाठी आवाज उठवलाच पाहिजे, मतभेद असतील तरी. १८८२ साली फुल्यांनी हेच केले. पण तुरुंगातून सुटून आलेल्या लेखणीला आणि तिच्या सोहळ्यांना आम्ही हेही विचारले पाहिजे की, तुझ्यासाठी ज्यांनी चूल बंद ठेवली, त्यांच्याबद्दल तू परतल्यावर काय लिहिलेस?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मोडल्या, काम आमच्या भिवंडीच्या मागांवर आले आणि त्यामागे माणसेही आली. १९११ च्या कायद्याने घातलेली बारा तासांची मर्यादा आज शंभरावर वर्षांनी इथल्या मागवाल्याची नेहमीची पाळी आहे. त्या मुलाचा बाप याच पाळीवर जातो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि त्या मुलाला सांगितले, "नाही बाळा, ती मजुरी कुणी दिली नाही. ती अजून बाकी आहे." त्याने मान हलवली. बाकी म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. त्यापुढच्या १ ऑगस्टला भाषण करायला तोच उभा राहिला. टिळकांवर दोन मिनिटे बोलला, अण्णाभाऊंवर दोन मिनिटे, आणि मग गिरणगावातल्या त्या मेलेल्या माणसांवर. त्यांची तसबीर टेबलावर नव्हती.